वाचनालयाच्या संगणकावर ‘ग्रब रेस्क्यू’: डी ड्राइव्ह काढल्यापासून विंडोज आणि डेबियन दोन्ही सुरू होत नाहीत

धागाकर्ता (सातारा जिल्हा)

नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या संगणकासाठी मदत हवी आहे. हा ५०० जीबी हार्डडिस्कचा जुना डेस्कटॉप असून त्यावर विंडोज १० आणि डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) अशा दोन प्रणाली आहेत. सुरू होताना त्यांतली एक निवडू देणारा प्रोग्राम म्हणजे ग्रब. जुने वार्षिक अहवाल, पत्रके आणि एक स्मरणिका श्रीलिपीच्या फाँटमध्ये जुळवलेली असल्यामुळे ती विंडोजमध्येच नीट उघडतात, म्हणून विंडोज ठेवावे लागले. पुस्तकांची दाखल नोंदवही, सभासदांच्या वर्गणीचा हिशेब आणि जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पाने मात्र डेबियनवर आहेत.

सी ड्राइव्ह भरत आल्यामुळे कार्यकारिणीने संगणक एका दुरुस्तीच्या दुकानात दिला होता. तिथे डी ड्राइव्हवरील फाइली आधी बाहेरच्या डिस्कवर काढल्या, डी ड्राइव्ह पुसून तिची जागा सी ड्राइव्हला जोडली आणि त्या फाइली सी ड्राइव्हवरच एका फोल्डरमध्ये परत ठेवल्या, असे आम्हाला सांगण्यात आले. त्यानंतर संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर ‘एरर: अननोन फाइलसिस्टिम’, त्याखाली ‘एंटरिंग रेस्क्यू मोड’ आणि मग ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच दिसते. प्रणाली निवडण्याची यादी येतच नाही. सगळी डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकण्यावाचून इलाज नाही, असे दुकानाचे म्हणणे आहे.

दिवाळी अंकांच्या स्कॅनची दुसरी प्रत अर्धवटच आहे आणि त्यातले काही अंक आता इतके जीर्ण झाले आहेत की ते पुन्हा स्कॅनरवर ठेवता येणार नाहीत. म्हणून फॉरमॅटला होकार देण्याआधी इथे विचारतो आहे. डेबियनचे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा त्यासाठी राखलेला भाग, खरोखर खराब झाले आहे का, आणि ते पुन्हा सुरू करता येईल का?

प्रतिसाद १ (ठाणे)

विंडोज १० चा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लावून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ मधून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ ही आज्ञा द्यावी. विंडोज लगेच सुरू व्हायला हवे. आमच्या कार्यालयातील संगणक याच पद्धतीने सुरू झाला होता. लिनक्सचे नंतर सावकाश पाहता येईल.

प्रतिसाद २ (नाशिक)

धागाकर्त्यांना विनंती आहे की तूर्त फॉरमॅटही करू नये आणि फिक्सएमबीआरही चालवू नये. ठाणेकरांचा उपाय चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. ती आज्ञा डिस्कच्या सुरुवातीला ग्रबच्या जागी विंडोजचा प्रोग्राम लिहिते, पण पार्टिशन टेबलला, म्हणजे पार्टिशनच्या यादीला, हात लावत नाही, त्यामुळे तिने फाइली जात नाहीत. पण इथे वाचवायचा ऐवज डेबियनवर आहे, आणि ती आज्ञा दिली की डेबियनकडे जाणारी वाट तेवढी बंद होईल.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे बायोस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) आणि एमबीआर (डिस्कच्या सुरुवातीची नोंद) यांच्या डिस्कवर पहिला सेक्टर, म्हणजे डिस्कचा छोटा कप्पा, ५१२ बाइटचा असतो. त्यातले पहिले ४४६ बाइट सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रामसाठी, पुढचे ६४ बाइट पार्टिशन टेबलसाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी असतात. एवढ्याशा जागेत ग्रब मावत नाही, म्हणून त्याचा दुसरा तुकडा या सेक्टरच्या आणि पहिल्या पार्टिशनच्या मधल्या मोकळ्या जागेत लिहिलेला असतो, आणि उरलेला सगळा ग्रब, यादीसकट, लिनक्सच्या पार्टिशनमध्ये ‘/बूट/ग्रब’ या फोल्डरात राहतो. आपल्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ हे शब्द उमटतात याचा अर्थ पहिले दोन्ही तुकडे शाबूत आहेत. दुसऱ्या तुकड्याला तिसरा सापडत नाही, इतकेच.

तो का सापडत नसावा, याचा माझा अंदाज असा. एमबीआरमध्ये मुख्य पार्टिशन चारच करता येतात. त्याहून अधिक हवी असतील तर एक एक्स्टेंडेड पार्टिशन करून त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशन करतात आणि त्यांचे क्रमांक ५ पासून सुरू होतात. हे क्रमांक कायमचे नसतात. मधले एक काढले की त्यापुढच्या सगळ्यांचा क्रमांक एकेक खाली सरकतो. डी ड्राइव्ह ५ क्रमांकाची आणि डेबियन ६ क्रमांकावर असेल, तर डी काढल्यावर डेबियन ५ वर आले असणार. ग्रबच्या दुसऱ्या तुकड्यात मात्र ‘सहाव्या पार्टिशनमध्ये शोध’ अशीच नोंद राहिली आहे. तसे असेल तर आपले पार्टिशन खराब झालेले नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला आहे.

खात्री करण्यासाठी ‘ग्रब रेस्क्यू’ समोर ‘एलएस’ ही आज्ञा द्या. या धाग्यात आज्ञा देवनागरीत लिहिल्या असल्या तरी संगणकावर त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टंकित करायच्या आहेत. या आज्ञेने डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. जी यादी येईल ती जशीच्या तशी इथे द्या. त्यानंतर यादीतील प्रत्येक नाव घेऊन, उदाहरणार्थ ‘एलएस (एचडी०,एमएसडॉस५)/’ असे शेवटच्या तिरप्या रेघेसकट टंकित करा आणि काय उत्तर येते ते कळवा.

धागाकर्ता

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. ‘एलएस’ ने आलेली यादी अशी आहे: (एचडी०), (एचडी०,एमएसडॉस७), (एचडी०,एमएसडॉस६), (एचडी०,एमएसडॉस५), (एचडी०,एमएसडॉस२), (एचडी०,एमएसडॉस१). त्यांपैकी १, २ आणि ६ यांना ‘अननोन फाइलसिस्टिम’ असे उत्तर येते. ५ मध्ये बिन, बूट, ईटीसी, होम, यूएसआर, व्हार अशी नावे दिसतात. ७ मध्ये आमच्या वापरकर्त्याच्या नावाचे फोल्डर आहे. १ आणि २ मध्ये विंडोज असणार, मग तेही बिघडले आहे असे समजायचे का?

प्रतिसाद ३ (नाशिक)

नाही. ग्रबच्या दुसऱ्या तुकड्यात जागा अतिशय कमी असल्यामुळे ज्या फाइलप्रणालीवर (पार्टिशनमध्ये फाइली मांडण्याच्या पद्धतीवर) तो स्वतः राहतो तेवढीच वाचण्याची सोय त्यात भरलेली असते. विंडोजची एनटीएफएस प्रणाली त्याला या अवस्थेत वाचताच येत नाही, म्हणून ती धडधाकट असली तरी उत्तर ‘अननोन फाइलसिस्टिम’ हेच येते. अनेक जण या ओळीला घाबरून डिस्क फॉरमॅट करून बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता चित्र स्पष्ट झाले. ५ हे डेबियनचे मूळ पार्टिशन, ६ हे स्वॅप (मेमरीला पूरक जागा) आणि ७ हे होम (वापरकर्त्याच्या फाइली). आपले स्कॅन आणि नोंदवही ७ मध्ये असणार. ग्रब अजून ६ मध्ये शोधतो आहे आणि तिथे त्याला स्वॅप भेटते, ज्यात फाइलप्रणालीच नाही. पडद्यावरची चूक त्यामुळेच येते.

पुढील चार आज्ञा एकेक करून द्या. पहिली ‘सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस५)’, दुसरी ‘सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब’, तिसरी ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि चौथी नुसती ‘नॉर्मल’. बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडू नका. रेस्क्यू अवस्थेत टॅब दाबून नाव पूर्ण करण्याची सोय नसते, त्यामुळे अक्षरे तपासूनच एंटर दाबा. यात चूक झाली तरी नुकसान होत नाही, कारण हे सगळे फक्त मेमरीत घडते. संगणक बंद करून पुन्हा पहिल्यापासून करता येते. यादी दिसली की डेबियन निवडा. डेबियन स्वतःची पार्टिशन क्रमांकावरून न शोधता यूयूआयडी या ओळख क्रमांकावरून शोधते आणि तो क्रमांक फाइलप्रणालीतच कोरलेला असतो, म्हणून पत्ता बदलल्याने तिचे पुढे अडू नये.

धागाकर्ता

यादी आली! वाचनालयात उपस्थित सर्वांना झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. मात्र डेबियन निवडल्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर’ अशी ओळ येते, तिच्यासमोर १ मिनिट ३० सेकंदांची मोजणी चालते, आणि ती संपल्यावर ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’ असा संदेश येऊन रूटचा, म्हणजे प्रणालीच्या मुख्य व्यवस्थापकाचा, पासवर्ड मागितला जातो. पासवर्ड आमच्याकडे आहे, पण विचारल्याशिवाय पुढे गेलो नाही.

प्रतिसाद ४ (सांगली)

थांबलात हे उत्तम. मला वाटते हा दोष वेगळाच असून त्याचे मूळ मात्र तेच आहे. डी ड्राइव्ह डेबियनमध्येही आपोआप जोडली जात होती का? तसे असेल तर सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची ते सांगणाऱ्या ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या फाइलीत तिची ओळ असणार. प्रणाली सुरू होताना त्या ओळीतला यूयूआयडी शोधते, ठरलेली ९० सेकंदे वाट पाहते आणि ते पार्टिशनच अस्तित्वात नसल्यामुळे पुढे जायचे नाकारते.

रूटचा पासवर्ड देऊन आत गेल्यावर आधी ‘बीएलकेआयडी’ ही आज्ञा द्या. डिस्कवर आज असलेल्या सगळ्या पार्टिशनचे यूयूआयडी दिसतील. मग ‘कॅट /ईटीसी/एफएसटॅब’ देऊन दोन्ही याद्या शेजारी शेजारी पडताळा. एफएसटॅबमधला जो यूयूआयडी बीएलकेआयडीच्या यादीत नसेल आणि ज्याच्या ओळीत एनटीएफएस लिहिलेले असेल ती ओळ डी ड्राइव्हची. ‘नॅनो /ईटीसी/एफएसटॅब’ उघडून त्या ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह टाका, कंट्रोल-ओने साठवा, कंट्रोल-एक्सने बाहेर पडा आणि ‘रीबूट’ द्या. फाइल साठवता येत नाही असा संदेश आला तर मूळ पार्टिशन फक्त वाचण्यासाठी जोडलेले आहे असे समजून आधी ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ द्यावे. ओळ पुसून टाकण्यापेक्षा # लावणे बरे, कारण पुढे कुणाला संदर्भ हवा असेल तर तो तिथेच मिळतो.

पुन्हा सुरू केल्यावर ग्रब रेस्क्यू पुन्हा येईल, कारण मघाच्या चार आज्ञा कायमच्या नव्हत्या. त्या परत द्याव्या लागतील.

पुढे कधी एफएसटॅबमध्ये विंडोजची किंवा बाहेरची डिस्क जोडायची वेळ आली, तर पर्यायांमध्ये ‘नोफेल’ हा शब्द अवश्य लिहावा. मग ती डिस्क नसली तरी प्रणाली अडून बसत नाही.

धागाकर्ता

सांगलीकरांचे निदान अचूक निघाले. एफएसटॅबमध्ये डी ड्राइव्हची ओळ होती, तिला # लावल्यावर डेबियन नेहमीसारखे सुरू झाले. नोंदवही उघडली आणि शेवटची दाखल नोंद जागेवर आहे. स्कॅनचे सगळे फोल्डर आहेत. काहीही करण्याआधी ते बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेत आहे.

प्रतिसाद ५ (नाशिक)

फार समाधान वाटले. नक्कल पूर्ण होऊ द्या आणि नकलेतल्या काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. आकडा जुळला म्हणजे फाइल उघडतेच असे नाही.

त्यानंतर ग्रबला नवा पत्ता कायमचा शिकवायचा आहे. डेबियनमध्येच टर्मिनल उघडून रूट म्हणून ‘ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ द्या. इथे एसडीए नंतर आकडा लिहायचा नाही. आपल्याला डिस्कच्या सुरुवातीला लिहायचे आहे, पार्टिशनमध्ये नाही. बाहेरची डिस्क जोडलेली असेल तर आधी ती काढा आणि ‘एलएसबीएलके’ देऊन ५०० जीबीच्या डिस्कचे नाव एसडीएच आहे याची खात्री करून घ्या. मग ‘अपडेट-ग्रब’ द्या.

या शेवटच्या आज्ञेचा निकाल लक्षपूर्वक वाचा. त्यात विंडोजचे नाव आले पाहिजे. ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मूळ स्थितीत बंद ठेवलेला असतो आणि डेबियन १२ मध्ये हीच आवृत्ती आहे. नाव आले नाही तर ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ या फाइलीत ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ घाला, मात्र तिचा डावा भाग संपूर्ण मोठ्या रोमन अक्षरांत आणि फॉल्स लहान अक्षरांत हवा. ओएस-प्रोबर नावाचे पॅकेज बसवलेले आहे ना तेही पाहा आणि अपडेट-ग्रब पुन्हा द्या.

प्रतिसाद ६ (नागपूर)

हा धागा पुढे इतर जणही वाचतील, म्हणून एक सावधगिरीची सूचना नोंदवतो. वरचे सगळे उपाय बायोस आणि एमबीआरच्या संगणकासाठी आहेत. बहुतेक नव्या संगणकांवर बायोसच्या जागी यूईएफआय आणि एमबीआरच्या जागी जीपीटी असते आणि तिथले दोष वेगळे असतात. जीपीटीमध्ये एक पार्टिशन काढल्याने बाकीच्यांचे क्रमांक आपोआप सरकत नाहीत, शिवाय पार्टिशन टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. तिथे ग्रब मोकळ्या जागेत नसतो. ईएसपी नावाच्या फॅट३२ प्रकारच्या छोट्या पार्टिशनमध्ये ‘ईएफआय’ या फोल्डरात विंडोज आणि लिनक्स या दोघांच्या फाइली वेगवेगळ्या उपफोल्डरांत शेजारी असतात, आणि त्यांपैकी कोणती आधी चालवायची हा क्रम मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिलेला असतो. विंडोजचे अद्यतन झाल्यावर ‘लिनक्स गेले’ अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा तो क्रमच बदललेला असतो. अशा वेळी संगणक सुरू होताना बूट मेनू उघडून डेबियन किंवा उबंटू हे नाव दिसते का ते आधी पाहावे. दिसले तर दुरुस्तीची गरजच नसते. लिनक्समध्ये जाऊन ‘ईएफआयबूटएमजीआर’ ने क्रम बदलला की पुरते. यूईएफआयच्या संगणकावर फिक्सएमबीआर देण्याने काहीच साधत नाही. तिथे विंडोजच्या बाजूने दुरुस्ती करायची तर ‘बीसीडीबूट’ हे साधन वापरतात.

दुसरा प्रसंग सिक्युअर बूटचा, म्हणजे फक्त विश्वासार्ह सही असलेले प्रोग्रामच सुरू होऊ देणाऱ्या यूईएफआयच्या सोयीचा. मायक्रोसॉफ्टच्या १३ ऑगस्ट २०२४ च्या अद्यतनानंतर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या अनेक दुहेरी संगणकांवर लिनक्स सुरू होताना ‘एसबीएटी सेल्फ-चेक फेल्ड’ असा संदेश येऊन संगणक बंद पडू लागला. दुहेरी संगणकांना हे अद्यतन लागू होणार नाही असे कंपनीने सांगितले होते, पण सगळे दुहेरी संगणक ओळखले गेले नाहीत. त्या वेळी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये जायचे, ‘मोकयूटिल --सेट-एसबीएटी-पॉलिसी डिलीट’ द्यायचे, एकदा पुन्हा लिनक्स सुरू करायचे आणि मग सिक्युअर बूट परत चालू करायचे, असा उपाय होता. यातही पार्टिशनला काही झालेले नव्हते, तरीही लोकांनी डिस्क पुसल्या याचे वाईट वाटते.

आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. सिक्युअर बूट किंवा बूटचा क्रम बदलण्याआधी विंडोज पार्टिशन बिटलॉकरने कुलूपबंद आहे का ते पाहा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाती असल्याशिवाय बायोसच्या सेटिंगला हात लावू नये.

धागाकर्ता

ग्रब-इन्स्टॉल झाले आणि संगणक आता थेट यादीपाशी येतो. अपडेट-ग्रबच्या निकालात विंडोजचे नाव नव्हते, नाशिककरांनी सांगितलेली ओळ घातल्यावर ते आले. विंडोजही सुरू झाले. पहिल्या वेळी त्याने आपणहून डिस्क तपासली, मग नेहमीचा पडदा आला आणि स्मरणिकेची फाइल श्रीलिपीत व्यवस्थित उघडली.

दोन शंका राहिल्या आहेत. सी ड्राइव्ह डेबियनमधून उघडली तर ती फक्त वाचता येते, तिच्यात काही साठवता येत नाही. हा बिघाड आहे का? आणि डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ या साधनाने ती तपासली असता ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या ओळीच्या शेवटी शून्य नाही, ८ आहे. त्याने काळजी करावी का?

प्रतिसाद ७ (सांगली)

पहिला बिघाड नव्हे, संरक्षण आहे. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. गाभ्याची अवस्था डिस्कवर साठवून ते झोपी जाते. अशा पार्टिशनवर लिनक्समधून लिहिले आणि मग विंडोज जागे झाले, तर त्याच्या आठवणीतली डिस्क आणि प्रत्यक्षातली डिस्क जुळत नाही आणि फाइलप्रणाली खरोखर बिघडते. म्हणून लिनक्स लिहिण्यास नकार देते. इंटरनेटवर जबरदस्तीने जोडण्याचे पर्याय सुचवलेले आढळतील, ते वापरू नका. विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या, संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. दुहेरी संगणकावर हे पहिल्याच दिवशी करायला हवे असे माझे ठाम मत आहे. एनटीएफएसमध्ये खरा दोष निघालाच, तर तो विंडोजच्या ‘चेकडिस्क’नेच दुरुस्त करावा. लिनक्समधील ‘एनटीएफएसफिक्स’ थोड्याच गोष्टी नीट करते आणि बाकी तपासणी विंडोजवर सोपवते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर होय असे आहे. त्या ओळीचा अर्थ असा की आठ सेक्टर डिस्कला वाचता आले नाहीत आणि त्यांचे काय करायचे हे अजून ठरलेले नाही. हा आकडा दुकानातील कामाने आलेला असेलच असे नाही, जुन्या डिस्कवर तो येतो. पण वाचनालयाचा एकमेव संगणक अशा डिस्कवर चालवू नये. नवी एसएसडी घ्या.

प्रतिसाद ८ (नाशिक)

सांगलीकरांशी पूर्ण सहमत. एसएसडी घेताना एक पाहा. ५०० जीबीची डिस्क जशीच्या तशी ४८० जीबीच्या एसएसडीवर उतरत नाही, आणि दुकानात बऱ्याचदा ४८० चीच पुढे केली जाते. ५०० किंवा त्याहून मोठी मागा, आणि नक्कल सुरू करण्याआधी ‘एलएसबीएलके -बी’ ने दोन्हींचे नेमके बाइट पडताळा.

नक्कल चालू प्रणालीतून न करता डेबियनच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून डेबियन डिस्कवर न बसवता चालते) करा. डिस्कवर न वाचता येणारे सेक्टर असल्यामुळे साधे ‘डीडी’ पहिल्या वाईट सेक्टरवर थांबेल. त्याऐवजी जीडीडीरेस्क्यू हे पॅकेज बसवून ‘डीडीरेस्क्यू’ वापरा. ते आधी चांगला भाग उतरवून घेते, वाईट जागा नोंदीच्या फाइलीत टिपून ठेवते आणि मग तेवढ्याच जागांवर पुन्हा प्रयत्न करते. ती नोंदीची फाइल तिसऱ्या कुठल्या तरी पेनड्राइव्हवर ठेवा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम पुढे सुरू करता येईल. आज्ञेत आधी जुनी डिस्क आणि नंतर नवी हा क्रम उलटला तर सगळे पुसले जाईल, तेव्हा नावे शेजारी बसलेल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

नक्कल झाल्यावर दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडून संगणक सुरू करू नका. दोन्हींचे यूयूआयडी तंतोतंत सारखे असतील आणि डेबियन कोणत्या डिस्कवरून उठले हे सांगता येणार नाही. जुनी काढा, नवी तिच्याच केबलवर लावा. ग्रब, एफएसटॅब, विंडोज सगळे जसेच्या तसे गेलेले असल्यामुळे वेगळी दुरुस्ती लागू नये. संगणक उठला की ‘एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीए’ चा निकाल एका मजकूर फाइलीत साठवून तिची छापील प्रत वाचनालयाच्या कपाटात ठेवा. तीत प्रत्येक पार्टिशन कोणत्या सेक्टरपासून सुरू होते आणि त्याची लांबी किती आहे हे लिहिलेले असते, आणि पुढे कुणी चुकून पार्टिशन काढले आणि त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले नसेल, तर तो कागद पाहून ते पूर्वीसारखे मांडता येते.